जीर्ण कास : चिकित्सेचा निर्णय केव्हा व कसा?

कास महिन्यांवर गेला की, कोणते औषध द्यावे या प्रश्नाआधी आपण नेमक्या कशावर उपचार करीत आहोत, हे वैद्याने स्वतःस विचारले पाहिजे. एका रुग्णेने हा धडा आम्हांस नव्याने दिला.

वय 58, वजन 39 किलो. बारा वर्षांपूर्वी क्षयाचा उपचार पूर्ण झालेला. सकाळी पिवळट कफ, सायंकाळी थकवा, अन्नावर वासना नाही. कफज कास व धातुक्षय मानून आम्ही सितोपलादी व वासावलेह दिले. थोडा उपशय मिळाला आणि त्यावरच आम्ही विसंबलो. तीन महिन्यांत वजन आणखी दोन किलो घटले, तेव्हा कफतपासणी करविली. ती पहिल्याच भेटीत व्हावयास हवी होती, हे प्रांजळपणे नमूद करतो.

निदान

कफात ॲसिड-फास्ट जीवाणू आढळले. ‘क्षय उलटला’ असे म्हणणे सोपे होते. परंतु सीबीनॅट तपासणीत क्षयाचा जीवाणू मिळाला नाही. दोन स्वतंत्र नमुन्यांच्या कल्चरमध्ये मायकोबॅक्टेरियम एव्हियम गटाचा जीवाणू वाढला. हे क्षयेतर जीवाणू माती-पाण्यात असतात व जुन्या क्षयाने विकृत झालेल्या फुप्फुसात सहज ठाण मांडतात. लक्षणे, सीटी स्कॅन व कल्चर या तिन्हींचा मेळ बसल्यावरच व्याधी निश्चित होतो.

निर्णय

निदान झाले म्हणजे प्रत्येकास त्वरित औषध सुरू होतेच असे नाही. लक्षणे सौम्य असल्यास छातीरोगतज्ज्ञ काही काळ वाट पाहतात. मात्र कफ व सीटी स्कॅनची तपासणी पुन्हा पुन्हा करीत. स्मिअर पॉझिटिव्ह असेल किंवा फुप्फुसात पोकळी असेल, तर थांबू नये, असा 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा कल आहे. उपचारात मॅक्रोलाइड, रिफाम्पिसिन व इथॅम्ब्युटॉल ही औषधे कल्चर निगेटिव्ह झाल्यानंतरही बारा महिने घ्यावी लागतात. यकृत व दृष्टी यांवर लक्ष ठेवावे लागते.

रुग्णा म्हणाली, “डॉक्टर, त्या गोळ्या पुन्हा नकोत. तुमच्याच पुड्या द्या.” हा विश्वास सुखावणारा होता, पण तो स्वीकारणे म्हणजे तिचे बळ क्षीण होऊ देणे होते. स्मिअर पॉझिटिव्ह, वजन घटते. आम्ही तिच्या मुलासह तिला समजावून तज्ज्ञांकडे पाठविले.

आपले स्थान

अग्निरक्षण, बृंहण आहार व धीर देणे हे कार्य आपलेच. दुर्बल रुग्णात शोधनाचा मोह टाळावा. राजयक्ष्म्यात मलरक्षणावर चरकाचार्यांनी दिलेला भर येथेही मार्गदर्शक ठरतो. पिप्पलीतील पायपेरीन रिफाम्पिसिनच्या शोषणावर परिणाम करते. म्हणून सितोपलादी, तालीसादी वा त्रिकटू चालू असल्यास तज्ज्ञांस अवश्य कळवावे.

औषधी दुकानदार बंधूंना विनंती : खोकल्यासाठी वारंवार एकटे ॲझिथ्रोमायसिन मागणाऱ्यास कफतपासणी सुचवा. एकट्या मॅक्रोलाइडने जीवाणू प्रतिकारक्षम होतो आणि उपचाराचा मुख्य आधारच निकामी होतो. निदान क्षयाचेच ठरले, तर शासनास त्याची नोंद कळविणे 2012 पासून वैद्यांना व 2018 पासून औषधविक्रेत्यांनाही बंधनकारक आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर पुडी बांधण्यापूर्वी कफाची डबी हाती द्यावी. आमच्या चिकित्सालयात आता हाच नियम आहे.