फासे नाहीत, चित्रे आहेत: दशावतारी गंजिफा कसा खेळतात?

फासे टाकायचे नाहीत, सोंगट्या हलवायच्या नाहीत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात हाती असतात फक्त हाताने रंगवलेली गोल पाने.

संचात १२० पाने असतात. विष्णूचे दहा अवतार म्हणजे दहा रंग. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने. पानावरची चित्रे मोजायची: चार मासे दिसले, की ते मत्स्याचे चौथे पान.

तिघे खेळतात, प्रत्येकाला ४० पाने. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो. रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. हुकूम नसतो. राजा-प्रधानानंतर पाच रंगांत दहा मोठा, उरलेल्या पाचांत एक्का. एखादा राजा पडून गेला, की त्या रंगाचा प्रधान सर्वांत मोठा. म्हणून काय पडले हे लक्षात ठेवणारा जिंकतो. नशीब पाने वाटेपर्यंतच.

१९९५ साली अमेरिकेत आलेल्या ‘एव्हरवे’ या भूमिका-खेळातही फाशांऐवजी चित्रांचे पत्ते होते. तिथे चित्राचा अर्थ लावायचा. इथे अवतारांची गोष्ट आधीच ठाऊक असते.

छापील पत्त्यांपुढे ही कला मागे पडली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात पुन्हा सुरू केली. त्यामुळे पाने वाचली. पण काचेच्या कपाटात ठेवलेला संच म्हणजे शोभेची वस्तू. तिघांनी बसून वाटला, तरच तो खेळ.