दूध आटले की पान्हा चोरला?

पहाटे दावे सुटले की वासरू आधी कासेला ढुशी देते. दोन-चार घोट पिऊ दिल्यावर घरची बाई त्याला ओढून बाजूला बांधते आणि मग धार काढायला बसते. हिंगोली जिल्ह्यात वसमतपासून सेनगावपर्यंत ज्यांच्या दाराशी लाल कंधारी गाय किंवा म्हैस आहे, त्यांना हा क्रम कोणी शिकवावा लागत नाही. आचळ टच्च भरले की गाईने पान्हा सोडला. वासरू दिसले नाही, अनोळखी माणूस धारेला बसला, कोणी काठी उगारली, तर तीच गाय पान्हा चोरते. कास भरलेली असते, पण भांड्यात धार पडत नाही. पांडुरंगाला गाय आणि स्वतःला तिचे वासरू मानणाऱ्या नामदेवांनी, याच जिल्ह्यातल्या नर्सीच्या संताने, पान्हा चोरण्याची ही तक्रार थेट विठ्ठलापर्यंत नेली होती.

शाळेच्या जीवशास्त्रात मात्र ‘पान्हा’ भेटत नाही. तिथे दोन शब्द असतात, स्राव आणि उत्सर्जन, आणि परीक्षेनंतर बहुतेकांच्या डोक्यात त्यांची सरमिसळ होऊन जाते. पेशीने किंवा ग्रंथीने स्वतः तयार केलेला, शरीराच्या कामाचा पदार्थ बाहेर सोडणे म्हणजे स्राव. लाळ, जठररस, अश्रू, इन्शुलिन हे सगळे स्राव. शरीराला नको असलेले बाहेर टाकणे म्हणजे उत्सर्जन. मूत्रपिंडे युरिया टाकतात, फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड. घामाचे काय, असा प्रश्न हुशार मुले विचारतातच. घाम ग्रंथी तयार करते आणि त्याने अंग थंड होते म्हणून तो स्राव. त्यातून थोडा युरियाही जातो, म्हणून उत्सर्जनाच्या धड्यातही त्याचे नाव येते.

बोलीत या शब्दांची आणखी वेगळी गत झाली आहे. ‘उत्सर्जन’ म्हटले की आता कारखान्याचे धुराडे आठवते. आणि ‘स्राव’ बहुधा आजाराच्याच सोबतीने ऐकू येतो. रक्तस्राव, गर्भस्राव, श्वेतस्राव. खरे तर रक्तस्राव हा जीवशास्त्राच्या अर्थाने स्राव नव्हेच. तिथे कोणतीही ग्रंथी काही तयार करून सोडत नाही, फुटलेल्या वाहिनीतून रक्त वाहते इतकेच. पण ‘स्रु’ धातूचा अर्थच वाहणे, त्यामुळे भाषेला दोष देता येत नाही. अडचण तपासणीच्या खोलीत होते. डॉक्टरांनी ‘स्राव आहे का?’ असे विचारले की बाई दचकते, आणि निरोगी स्त्रीच्या शरीरातही योनीमार्गाचा थोडा स्राव रोजचाच असतो, हे सांगायचे राहून जाते.

दुधाच्या बाबतीत तर ‘स्राव’ हा एक शब्द पुरतच नाही, कारण तिथे दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम दूध तयार होण्याचे. स्तनातल्या किंवा कासेतल्या अगदी बारीक पिशव्यांच्या भिंतीवरच्या पेशी रक्तातून साखर, अमिनो आम्ले, मेद उचलतात आणि दूध बनवून पिशवीच्या पोकळीत सोडतात. यातला मेदाचा थेंब बाहेर पडताना पेशीच्या आवरणाचा तुकडाच अंगावर पांघरून निघतो. या कामामागे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक. हा झाला स्राव.

पण पिशवीत साठलेले दूध आपोआप आचळापर्यंत येत नाही. प्रत्येक पिशवीभोवती स्नायूसारख्या पेशींची जाळी असते, ती आवळली गेली तरच दूध नळ्यांत उतरते. आवळण्याचा निरोप ऑक्सिटोसिन आणते. वासराच्या ढुशीने मेंदूला वर्दी जाते, मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी ऑक्सिटोसिन रक्तात सोडते आणि मिनिटभरात पान्हा सुटतो. त्याचा जोर थोडी मिनिटेच टिकतो, म्हणून धार सलग आणि भराभर काढायची. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध तरी खालच्या पोकळीत आयते असते. म्हशीत ते जेमतेम पाच टक्के. म्हैस पान्ह्याला जास्त हट्टी का, याचे उत्तर तिच्या स्वभावात नसून कासेच्या रचनेत आहे.

भीती किंवा वेदना असेल तर मेंदू ऑक्सिटोसिन अडवतो, आणि अॅड्रेनॅलिन त्या जाळीपर्यंत ते पोहोचू देत नाही. पान्हा चोरणे म्हणतात ते हेच. त्यात गाईची लबाडी काही नाही.

या निरोपाला आडवाट शोधणारेही आहेत. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी नऊ अमिनो आम्लांचे हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केले, त्यांना १९५५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज तेच कुपीतून काही गोठ्यांत पोहोचते. अशा दुधाने मुली लवकर वयात येतात, ही भीती घरोघरी ऐकू येते, पण तोंडावाटे घेतलेले ऑक्सिटोसिन पोटात पचून जाते. औषध म्हणून ते इंजेक्शनने द्यावे लागते ते म्हणूनच. त्रास होतो तो जनावराला. रोज सुईची सवय लागली की ते सुईशिवाय पान्हा सोडेनासे होते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला घातक असे इंजेक्शन देणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. हा गैरवापर थांबवायला केंद्र सरकारने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी ऑक्सिटोसिन बनवण्यास मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला दवाखान्यात हेच औषध हाताशी लागते.

आता गोठ्यातून बाळंतिणीच्या खाटेकडे येऊ. तिथेही हेच दोन टप्पे आहेत, आणि घोटाळा तिथेच सर्वांत महाग पडतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत चिकाचे दूध थोडेच येते, बाळाच्या इवल्याशा पोटाला ते पुरते. पण बाळ रडते, टाके दुखत असतात, झोप झालेली नसते आणि खाटेभोवतीची चार माणसे म्हणतात, ‘हिला दूधच नाही.’ बहुतेक वेळा दूध तयार होत असते, पान्हा अडलेला असतो. लगेच वरचे दूध सुरू होते. बाळाचे पोट भरते, ते अंगावर ओढत नाही. न ओढलेले दूध साचले की तयार करणाऱ्या पेशी वेग कमी करतात. अडलेला पान्हा अशा रीतीने आठ-पंधरा दिवसांत खरोखरच आटलेले दूध होऊन बसतो, आणि घरच्यांना वाटते, आपण म्हणत होतो तेच खरे.

काही आयांना दूध खरोखर कमी येते. थायरॉइडचा विकार, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा ही त्याची काही कारणे. त्यामुळे अंदाजावर न जाता बाळाकडे पाहावे. पाचव्या दिवसानंतर ते चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि दोन आठवड्यांच्या आत जन्माच्या वजनावर परत आले असेल, तर दूध पुरते आहे. तसे नसेल, बाळ सुस्त पडत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोवर आईचे दुखणे कमी करणे, बाळ उघड्या छातीशी ठेवणे, दिवसरात्र मागेल तेव्हा पाजणे आणि खाटेभोवतीची गर्दी हटवणे, एवढे घरच्यांना करता येते. एका बाजूला पाजताना दुसऱ्या बाजूने आपोआप दूध ठिबकू लागले, तर समजावे की पान्हा सुटला.