मदतीची खिडकी आणि मराठी मजकूर

कन्नड किंवा सिल्लोड तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेला विद्यार्थी छत्रपती संभाजीनगरच्या महाविद्यालयात संगणकासमोर बसतो, तेव्हा तर्क त्याला जमतो, पण आज्ञावलीची माहिती इंग्रजीत असते. ती पाहायला इंटरनेट हवेच, अशीही त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे, आणि ती थोडी कमी करणे शिक्षकाला शक्य आहे. कसे, ते आपण 'व्हिम' या मोफत एडिटरच्या उदाहरणाने पाहू.

एडिटर म्हणजे आज्ञावली लिहिण्याचे साधन. ब्राम मूलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या व्हिममध्ये कोलन देऊन 'हेल्प' आणि विषयाचे नाव लिहिले, की पडदा दुभंगतो आणि एका भागात मदतीचे पान उघडते. शीर्षके वेगळ्या रंगात, उदाहरणे वेगळी, काही शब्द दुव्यासारखे. पण हीच फाइल दुसऱ्या साध्या एडिटरमध्ये उघडली तर रंग कुठेच नसतो! दिसतात फक्त काही खुणा.

दोन तारकांमध्ये लिहिलेला शब्द म्हणजे पत्ता. दोन उभ्या रेघांमधला शब्द म्हणजे त्या पत्त्याकडे नेणारा दुवा. ओळीच्या शेवटी नागमोडी रेघ असली की ती ओळ शीर्षक ठरते. सजावट साठवलेली नसते. पान दाखवताना एडिटर खुणा वाचतो आणि रंग चढवतो. तारका आणि उभ्या रेघा दृष्टीआड ठेवण्याची सोय २०१० च्या आवृत्ती ७.३ पासून आली. नाटकाच्या संहितेत कंसातल्या सूचना असतात, पण प्रेक्षकाला त्या ऐकू येत नाहीत, तसेच हे.

व्हिमला जोडायच्या पूरक आज्ञावलीचे, म्हणजे पॅकेजचे, पान तिच्याच 'डॉक' नावाच्या कप्प्यात असते. पान नुसते ठेवून भागत नाही. 'हेल्पटॅग्ज' ही आज्ञा दिली की व्हिम सगळे पत्ते गोळा करून त्यांची क्रमवार सूची बनवतो. पुस्तकामागच्या शब्दसूचीसारखीच ही. ती नसली तर पान जागेवर असूनही सापडत नाही, आणि मदत मिळत नाही या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

आता मराठीकडे वळू. भाषांतरित पानाच्या नावाचा शेवट भाषेच्या दोन अक्षरी संकेताने आणि एक्सने होतो, मराठीसाठी एम-आर-एक्स. विषयाच्या नावापुढे ॲट चिन्ह आणि एम-आर लिहिले की मराठी पान उघडते. 'हेल्पलँग' हा पर्याय मराठीवर ठेवला तर दरवेळी तेही लिहावे लागत नाही, आणि मराठी पान नसेल तेथे इंग्रजी पान दिसते. म्हणून सगळे काम एकदम करायची गरज नाही. आपल्या वर्गाला लागणाऱ्या एकाच पॅकेजपासून सुरुवात करता येते.

पहिल्या ओळीत मात्र देवनागरी अक्षरे असावीत. फाइल युनिकोडमध्ये आहे हे व्हिम त्यांवरून ओळखतो. पत्त्यांची नावे मूळ इंग्रजी फाइलमधलीच ठेवावीत, नाहीतर दोन्ही पानांचा मेळ बसणार नाही.

खरी गंमत रकान्यांची आहे. इंग्रजी पाने एका अक्षराला एक घर या हिशेबाने मांडलेली असतात, आणि ओळ साधारण ७८ घरांची. 'विद्यार्थी' हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणतो, पण युनिकोडमध्ये त्याचे दहा घटक होतात: व, वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दुसरी वेलांटी. टर्मिनल किती घरे धरतो आणि फाँट किती जागा घेतो, यांचा मेळ बसेलच असे नाही. जोडाक्षरेही अनेक टर्मिनलांवर नीट जुळत नाहीत. त्यामुळे मोकळ्या जागा सोडून सरळ केलेला तक्ता मराठीत वाकडा होतो. आमच्या मते तक्त्याऐवजी एकेक बाब स्वतंत्र ओळीवर लिहावी आणि पत्ताही उजव्या कडेला न नेता वेगळ्या ओळीवर ठेवावा. पान थोडे लांबेल, पण वाचता येईल.