बशीत पेशी वाचली... पुढे काय?

'मेंदूच्या पेशी वाचवणारं संयुग सापडलं' अशी बातमी सारखी येते. घरात साठी ओलांडलेले आई-बाबा असतील, तर ती वाचताना नेमकं काय विचारायचं?

'हळदीतल्या संयुगामुळे स्मृतिभ्रंश रोखता येणार!' वर्षातून दोन-चार वेळा तरी ही बातमी येतेच. काका ती फॅमिली ग्रुपवर टाकतात, खाली दहा अंगठे पडतात आणि रात्री आई बाबांच्या दुधात हळद जरा सढळ हातानं घालते. यात वाईट काही नाही, हळदीच्या दुधानं कुणाचं वाटोळं झालेलं नाही. प्रश्न एवढाच की बातमीतली ती पेशी वाचली कुठे? माणसाच्या डोक्यात, की प्लॅस्टिकच्या बशीत?

बजाजनगरात हा प्रश्न विचारायला जरा जास्तच कारण आहे. वाळूजला बजाज ऑटोचा प्लांट सुरू झाला १९८५ मध्ये. मागोमाग व्हेंडर कंपन्या आल्या. बीड, जालना, परभणी, नांदेडकडची पंचविशीतली पोरं वळकट्या घेऊन आली, एका खोलीत चौघं-चौघं राहिली, मग इथलीच झाली. ती पोरं आज पासष्टीत आहेत. म्हणजे तुमचे-आमचे बाबाच की! अख्खी वसाहत एकदम तरुण होती, आता ती एकदमच म्हातारी होतेय. देशात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये 'लासी-डॅड' या मोठ्या पाहणीतून पुढे आला. भाजी आणायला विसरणं वेगळं. आणलेली भाजी बघून 'ही कुणी आणली?' म्हणून भांडणं वेगळं. मोहन आगाशेंचा 'अस्तु' पाहिला असेल, तर हा फरक जास्त समजवायला नको.

९६ खळग्यांची परीक्षा

आता जरा लॅबमध्ये डोकावू. पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथं पेशींची चक्क बँक आहे आणि देशभरातले संशोधक, फार्मसी कॉलेजं तिथून पेशी मागवतात. मेंदूच्या कामासाठी नेहमी लागणाऱ्या पेशींचं नाव एखाद्या गाडीच्या नंबरसारखं आहे, एसएच-एसवाय५वाय. १९७० मध्ये कॅन्सर झालेल्या चार वर्षांच्या एका मुलीच्या शरीरातून घेतलेल्या पेशींचा हा वंश. पन्नासहून जास्त वर्षं झाली, जगभरच्या लॅबमध्ये तो वाढतोच आहे.

परीक्षा अशी घेतात. पंजाएवढी प्लॅस्टिकची प्लेट, तिच्यात बारा-बाराच्या आठ ओळी, एकूण ९६ छोटे खळगे. प्रत्येकात पेशी. काही खळग्यांत नुसत्या पेशी. काहींत पेशी अधिक विष. आणि काहींत आधी आपलं संयुग, मग विष. विष म्हणजे बहुतेकदा बीटा-अमायलॉइड (अल्झायमरच्या मेंदूत ज्याच्या गुठळ्या साचतात ते प्रथिन) किंवा साधं हायड्रोजन पेरॉक्साइड. साधारण दिवसभर थांबायचं. मग एमटीटी नावाचा पिवळा पदार्थ घालायचा. जिवंत पेशी त्याचा जांभळा करते, मेलेली करत नाही. खळगा जितका जांभळा, तितक्या पेशी जिवंत. विषाच्या खळग्यांत रंग फिका आणि संयुगाच्या खळग्यांत गडद आला, की झालं! 'न्यूरोप्रोटेक्टिव्ह' हा भारदस्त शब्द बातमीत येतो तो बरेचदा इथूनच.

परीक्षा प्रामाणिक आहे. फक्त ती बालवाडीची आहे. बशीतली पेशी मूळची कॅन्सरची, दणादण वाढणारी. आपल्या मेंदूतली चेतापेशी सहसा वाढत नाही, गेली ती गेली. बशीत विष एका दिवसात काम करतं. आजार मात्र लक्षणं दिसायच्या दहा-वीस वर्षं आधीपासून आत शिजत असतो. शिवाय बशीत ना पोट, ना लिव्हर, ना मेंदूच्या दारावरचा तो कडक वॉचमन, ज्याला 'ब्लड-ब्रेन बॅरियर' म्हणतात. औषधं म्हणून बनवलेल्या बहुतेक संयुगांना तो गेटवरूनच परत पाठवतो.

हळदीचंच बघा ना. वसमत-हिंगोलीच्या हळदीला तोड नाही, मराठवाड्याची शान आहे ती. पण तिच्यातलं कर्क्युमिन लॅबमध्ये भलतंच चलाख निघालं. ते स्वतःच पिवळं, त्यावर प्रकाश पडला की चमकणारं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारं. रंग नि चमक मोजणाऱ्या चाचण्यांना ते सहज गंडवतं. पोटातून रक्तात जातं अगदी जेमतेम. अमेरिकेत अल्झायमरच्या ३६ रुग्णांवर २४ आठवडे त्याची चाचणी झाली. २०१२ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांनी कर्क्युमिनवरच्या १२० हून जास्त मानवी चाचण्यांचा ताळेबंद मांडला. कडक निकषांवर यशस्वी ठरलेली एकही नव्हती.

धोतरा आणि पोहणारा उंदीर

बशी पास झाली की पुढची इयत्ता उंदराची. त्यासाठी आधी प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. मग गोल टाकीत गढूळ पाणी, पाण्याखाली लपवलेला छोटा कट्टा, आणि त्यात सोडलेला उंदीर. तीन-चार दिवसांत तो कट्टा कुठे आहे ते शिकतो. रिचर्ड मॉरिस या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९८१ मध्ये ही 'वॉटर मेझ' मांडली आणि आजही ती सगळीकडे वापरतात.

गंमत पुढे आहे. उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही, तो आणावा लागतो. आपल्याकडे त्याचा स्वस्त नि लोकप्रिय मार्ग म्हणजे स्कोपोलामिन, रस्त्याकडेच्या धोतऱ्यात असतं ते. टोचलं की उंदीर कट्टा विसरतो. मग संयुग द्यायचं आणि तो आठवतो का ते बघायचं. पण स्कोपोलामिननं पेशी मरत नाहीत हो, फक्त त्यांच्यातला निरोप काही वेळ अडतो. म्हणजे संयुगानं निरोप पुन्हा सुरू केला, एवढंच कळलं. पेशी वाचवली की नाही, हा प्रश्न तसाच! नुसत्या स्कोपोलामिनच्या उंदरावर 'मेंदूचं संरक्षण' लिहिणं म्हणजे लोडशेडिंग संपलं म्हणून वायरिंग दुरुस्त झालं म्हणण्यासारखं आहे.

तिसरी इयत्ता माणसाची, आणि इथं भलेभले आडवे होतात. २००२ ते २०१२ या काळात जगभरात अल्झायमरच्या २४४ संयुगांच्या ४१३ चाचण्या नोंदल्या गेल्या. बाजारात पोचलं एकच, मेमँटिन. अपयश ९९.६ टक्के. दहावीचा निकाल असा लागला असता तर बोर्डावर मोर्चा गेला असता! बरं, मेमँटिनही १९६८ मध्ये बनवलं होतं ते रक्तातली साखर उतरवायला. त्यात ते नापास झालं आणि पुढे वेगळ्याच वर्गात पास झालं. दुसरं नेहमीचं औषध डोनेपेझिल. ते शोधणारे जपानचे हाचिरो सुगिमोतो. त्यांच्या आईलाच डिमेन्शिया झाला होता. १९९६ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन्ही औषधं लक्षणं काही काळ सावरतात. पेशींचं मरण थांबवतात असं सिद्ध झालेलं नाही.

अलीकडची बातमी लेकॅनेमॅबची. अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. १,७९५ जणांवरच्या १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. आकडा मस्त वाटतो, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहूनही कमी आहे आणि काहींच्या मेंदूला सूज आली, रक्तस्राव झाला. शिवाय ही सलाइनमधून द्यायची अँटिबॉडी आहे, गोळी नव्हे. गोळीची आशा होती सेमाग्लुटाइडकडून, डायबेटिस नि वजनाचं ते गाजलेलं औषध. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्याही दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. आजार मंदावला नाही.

तुम्ही म्हणाल, चिकलठाणा, शेंद्रा, वाळूज, पैठण रोड, आपल्याकडे औषध कंपन्या काय कमी आहेत? इथं नवी औषधंही शोधली जातात की! खरंय. न्यूमोनियावरचं नॅफिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक वॉकहार्टनं २०२४ मध्ये पुढे आणलं. त्या कंपनीचं संशोधन केंद्र चिकलठाण्यातच आहे. त्याला १४ वर्षं आणि ५०० कोटी रुपये लागल्याचं सरकारी निवेदनात म्हटलंय. आणि अँटिबायोटिक हे त्यातल्या त्यात सोपं प्रकरण, कारण बशीत मारलेला जंतू आणि रुग्णाच्या छातीतला जंतू एकच असतो. मेंदूचं तसं नाही.

म्हणून बशीतलं काम फालतू ठरत नाही. शंभर निरुपयोगी संयुगं माणसापर्यंत न पोचू देणं हेच मोठं काम आहे, आणि रात्री दहाला लॅबमध्ये खळगे मोजत बसलेल्या एम. फार्मच्या पोरीचा त्यात वाटा असतो. बोंब होते ती तिचा निकाल छापताना. ती लिहिते, 'पेशींमध्ये आढळलं'. मथळ्यात होतं, 'सापडलं'.

दरम्यान घरातला टीव्ही ऐका. २०२४ च्या 'लॅन्सेट' आयोगानं बदलता येण्याजोगे १४ धोके सांगितले. सगळे आवरले तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा पुढे ढकलता येईल, असा त्यांचा हिशेब. बीपी, शुगर, तंबाखू ही यादी पाठ असेलच. पण मध्यमवयात कमी झालेलं ऐकू येणंही त्यात आहे, आणि ते वरच्या नंबरांत आहे. प्रेस शॉपमध्ये वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगून बघा. आपल्याकडे आठ तासांच्या शिफ्टला ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि कानात बोळे घालायचा तेव्हा कुणाला उत्साह होता? श्रवणयंत्र लावून फरक पडतो का, याचीही चाचणी झाली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ९७७ जणांचे तीन वर्षांचे निकाल आले. एकूणात फरक दिसला नाही. ज्यांचा धोका आधीच जास्त होता, त्यांची घसरण मात्र ४८ टक्क्यांनी मंदावली. ही परीक्षा माणसांवर झालेली आहे, बशीत नाही.

तेव्हा बाबा टीव्हीचा आवाज वाढवत-वाढवत तीसच्या पुढे नेत असतील आणि मोरे चौकातून मारलेली हाक त्यांना ऐकू येत नसेल, तर रविवारी घरबसल्या चिडचिड करण्यापेक्षा सोमवारी अर्धी रजा टाका. घाटीत कान-नाक-घशाच्या ओपीडीत ऑडिओमेट्री होते. हेडफोन लावायचा, बीप ऐकू आली की बटण दाबायचं. जाताना त्यांचा बीपीचा जुना कागदही सोबत घ्या. आणि हळदीचं दूध? चव आवडत असेल तर खुशाल पिऊ द्या.