पदरावरची पाखरं

आमच्या दिंडोरीत द्राक्षबागेवर पाखरं उतरली की डबे बडवतात, अळी दिसली की फवारणी! ताईच्या लग्नाची पैठणी घ्यायला येवल्याला गेले, तर तिथे याच मंडळींसाठी लोक हजारो रुपये मोजत होते. काठावर मुनिया, पदरावर बांगडीत बसलेले मोर. आणि धागासुद्धा किड्याचाच. रेशीमकिड्याच्या एका कोशातून कित्येकशे मीटर अखंड धागा निघतो. तो तुटू नये म्हणून कोष उकळत्या पाण्यात टाकतात, पतंग बाहेर येतच नाही. (हे ताईला सांगितलेलं नाही.)

मागावर बसलेल्या काकांना मी ऑफिसछाप प्रश्न टाकला, ‘‘दिवसाला किती होतं?’’

‘‘दाट पदर असला तर दोन बोटं.’’

मोराच्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, ती हातानेच गुंफायची. २०१० मध्ये पैठणीला जीआय मिळालं, तरी स्वस्तातली पॉवरलूमची नक्कल शेजारच्याच रॅकवर असते. ओळखायची कशी?

‘‘पदर उलटा करून बघा. मागे धागे लोंबत असले तर तो आमचा मोर नाही.’’

घासाघीस करायची पूर्ण तयारी होती माझी. पदर उलटा केला. मोर मागूनही तस्साच! गुपचूप पैसे काढले.