अडीचशे डोकी, एक डांबरी सडक

वाशिम जिल्ह्यात डांबर कुठवर येणार, हे डोकी मोजून ठरतं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली तेव्हा सपाटीवरच्या वस्तीला किमान ५०० लोकसंख्येची अट होती. चौथ्या टप्प्यात आकांक्षित जिल्ह्यांसाठी ती २५० वर आली. महाराष्ट्रात असे जिल्हे चार: नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव आणि आपलं वाशिम. वस्ती लहान पडली तर अर्ध्या किलोमीटरच्या आतली शेजारची वस्ती मिळवून बेरीज करता येते. मोजणी मात्र २०११ ची धरतात. तेव्हा पाळण्यात असलेली पोरं आज हायस्कुलात आहेत! पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

त्या २०११ च्या मोजणीत जिल्ह्यात ११,९७,१६० माणसं भरली. शंभरातली ब्याऐंशी खेड्यात राहणारी. जिल्हा स्वतः तरुण आहे, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा निघाला. ग्रामपंचायतीच्या खुर्च्याही डोक्यांवरच: दीड हजारापर्यंत सात सदस्य, साडेसात हजारांच्या वर सतरा.

जनगणनेची गावनिहाय माहिती उघडून बघा, मजा येते. एसटी येते का, ऑटो आहे का, ट्रॅक्टर, बैलगाडी, सगळं विचारलेलं. समुद्र-नदीवरची फेरीबोटसुद्धा! सोय गावात नसेल तर अंतराचे तीन गट: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या पुढे. हा तिसरा गट मला खटकतो. अकरा किलोमीटरवाला आणि चाळीसवाला त्यात एकाच रांगेत बसतात, आणि कॉलेजला निघालेल्या पोरीसाठी या दोन अंतरांत सकाळच्या गाडीचा फरक असतो.

मानोरा, मंगरुळपीरकडे गावाला लागून बंजाऱ्यांचे तांडे आहेत. हे बंजारे एके काळी देशाची मालवाहतूक होते. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून त्यांचे तांडे दख्खन पालथी घालत. मुघल फौजांना रसद त्यांनी पोचवली. १८०३ साली वऱ्हाडात अडगाव आणि गाविलगडला लढणाऱ्या वेलस्लीच्या इंग्रजी फौजेचं धान्यही बंजाऱ्यांच्याच बैलांवर होतं. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. आजही रामनवमीला पोहरादेवीची वाट देशभरातले बंजारे धरतात, सेवालाल महाराजांच्या दर्शनासाठी. वाहतुकीचा एवढा मोठा वारसा असलेल्या तांड्याला पक्का रस्ता सगळ्यात आधी मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. ग्रामसडक योजना महसुली गाव न धरता वस्ती धरते, त्यामुळे तांड्याला स्वतंत्र हक्क सांगता येतो.

रेल्वेचं म्हणाल तर वाशिम स्टेशन अकोला-पूर्णा मार्गावर, मीटरगेज जाऊन तिथे ब्रॉडगेज आलं ते २००८ मध्ये. जिल्हा विदर्भातला, पण झोन दक्षिण मध्य, मुख्यालय सिकंदराबादला. कारंज्याहून जाणारी नॅरोगेजवरची शकुंतला कापूस वाहायला टाकलेली. तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. आता गाडीच बंद आहे.

कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव जहांगीर तालुक्यांतून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. त्यावर मोटारसायकल आणि तीनचाकी ऑटोला मनाई आहे, आणि गावात तर याच गाड्या जास्त. गावाला रोज लागते ती एसटी. १७ मार्च २०२३ पासून बायांना तिचं अर्धं तिकीट, २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट.

डांबर संपलं की पांदण सुरू होते. जुन्या हिशेबात गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट रुंद, पायमार्ग सव्वाआठ फूट. गुंठ्याची एक बाजू तेहतीस फूट, साडेसोळा आणि सव्वाआठ ही तिचीच अर्धी आणि पाव मापं. शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आणि धुऱ्यावरून रस्ता मिळू शकतो. पेरणीच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा हा अर्ज उन्हाळ्यातच टाकलेला बरा.