भुकेला कोंडा, निजेला गोळी

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. राबलेल्या माणसाला भूक लागली की कोंडाही गोड लागतो आणि झोप आली की उशाला दगडही पुरतो, असा तिचा अर्थ. या म्हणीतला धोंडा आता गेला असून त्याच्या जागी एक लहानशी गोळी आली आहे. आपल्या शहराला ‘जालना सोने का पालना’ म्हणतात. परंतु या पाळण्यात डोळ्याला डोळा न लागणारी माणसेही पुष्कळ आहेत. स्टीलच्या कारखान्यांत पाळ्या बदलून राबणारे कामगार, रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला शेतात जाणारे शेतकरी, आणि परीक्षा जवळ आली की वसतिगृहातले आपले मित्र. गोळी सुरू कशी होते हे सर्वांना ठाऊक असते. ती सोडायची कशी, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते ठाऊक नसल्यामुळे काय होते, हे मी घरातच पाहिले आहे.

माझी आजी परतूर तालुक्यातली. २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीची बाग वाळून गेली आणि त्याच वर्षी आजोबा गेले. आजीची झोप उडाली. एका डॉक्टरांनी पंधरा दिवसांपुरती अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. त्या पंधरा दिवसांची नऊ वर्षे झाली, एका गोळीच्या दोन झाल्या. चिठ्ठी घड्यांवर फाटली, तिला मागून कागद चिकटवला, आणि तीच दाखवून दुकानातून पाकीट येत राहिले.

२०२२च्या उन्हाळ्यात आत्या माहेरी आली. “माय, कशाला या नशेच्या गोळ्या खातीस?” असे म्हणून तिने पाकीट चुलीत टाकले. आत्याचा हेतू चांगलाच होता. पहिली रात्र जागरणात गेली. दुसऱ्या दिवशी आजीचे हात इतके थरथरू लागले की बशीतला चहा लुगड्यावर सांडला. भांड्यांचा आवाज तिला सहन होईना. अंगावर मुंग्या चालतात म्हणे. घामाने अंथरूण भिजे. “मला येड लागलं का गं माय?” असे तिने मला विचारले. चौथ्या दिवशी पहाटे तिला फिट आली. दवाखान्यात डॉक्टरांनी सर्व ऐकून घेऊन विचारले, “झोपेची गोळी चालू होती का? ती बंद केली का?” आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. रक्तदाबाची गोळी आम्ही आठवणीने सांगितली होती. झोपेची गोळी हेही औषधच, हे कोणाच्या मनातच आले नव्हते.

असे का होते? मेंदूत पेशींना चेतवणारे आणि शांत करणारे असे दोन्ही प्रकारचे निरोप सतत चालू असतात. शांत करणारा मुख्य निरोप्या म्हणजे गाबा नावाचे रसायन. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम ही सारी बेंझोडायझेपीन या एकाच कुळातली औषधे गाबाचा परिणाम वाढवतात. झोल्पिडेमची रचना वेगळी असली तरी तिचे कामही तिथेच चालते. आता बाहेरून रोज कुमक येते म्हटल्यावर मेंदू तिच्याशी जुळवून घेतो व शांत करणाऱ्या निरोपाला पूर्वीइतका प्रतिसाद देईनासा होतो. म्हणून तेवढ्याच गोळीने तेवढी झोप येत नाही. आणि एके दिवशी ती कुमक एकदम थांबली, तर चेतवणारे निरोपच शिरजोर होतात. थरथर, घाम, धास्ती, जागरण आणि प्रसंगी फिट, ही सर्व त्याची रूपे. मेंदूला पूर्वपदावर यायला काही आठवडे, कधी कधी महिने लागतात. आणि घाई करून काही साधत नाही.

येथेच सर्वांची फसगत होते. गोळी सोडली, झोप गेली, म्हणजे जुना आजार परत आला. तेव्हा गोळी जन्मभर हवीच, असा निष्कर्ष माणूस काढतो. वास्तविक ते जागरण पुष्कळदा गोळी तुटल्याचे असते, आणि मूळच्या जागरणापेक्षाही काही दिवस जास्त असते. शेजारी त्याला ‘व्यसन’ म्हणून मोकळे होतात. आजीने डॉक्टरांनी लिहिलेली गोळी घेतली, नशेसाठी नव्हे. शरीराला सवय पडणे आणि माणसाला व्यसन लागणे यांत फरक आहे, आणि तो न केल्यामुळे माणसे लाजेने गोळी लपवतात. लपवलेली गोळी कमी कशी करणार?

ही सवय मनाची नसून शरीराची असते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. तेलंगणात शिंदी-ताडीत डायझेपाम, अल्प्राझोलाम यांची भेसळ होत असे. २०१५च्या सप्टेंबरात सरकारने भेसळीविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा निजामाबाद, महबूबनगर या भागांतली शेकडो माणसे अचानक आजारी पडली. थरथर, भ्रम, फिट. आपण काय पीत होतो हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकही नव्हते.

झोपेच्या गोळ्यांचा इतिहास म्हणजे दर पिढीला मिळालेले नवे आश्वासन आहे. १९०३ साली बार्बिटल आले. पुढे त्याच कुळातल्या औषधांनी सवय लागते व जास्त घेतल्यास जीव जातो, हे दिसून आले. १९६० साली लिब्रियम व १९६३ साली व्हॅलियम बाजारात आले, तेव्हा जग हायसे झाले. या गोळ्यांची सवय लागते हे मान्य व्हायला मात्र फार वेळ लागला. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्रा. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे केवळ या गोळ्या सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला आणि रुग्णांकडून शिकत सावकाश कमी करण्याची रीत लिहून काढली. आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून यांतल्या अनेक गोळ्या ‘एच-१’ परिशिष्टात आहेत. दुकानदाराने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपायची असते. नियम चांगला आहे. परंतु आजीची चिकटवलेली चिठ्ठी त्यानंतरही आठ वर्षे चाललीच.

आता मुख्य गोष्ट, गोळी कमी करण्याची. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असते, हे पुन्हा सांगतो असे नाही, बजावतो असे समजा. साधारण धोरण असे की चालू मात्रेतून दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करायचे आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर कधीच जायचे नाही. मात्रा जसजशी लहान होते तसतशी प्रत्येक पायरीही लहान करावी लागते, कारण एकाची अर्धी करणे म्हणजे निम्मे तोडणे होय. ‘एक दिवसाआड घे’ हा शेजारचा सल्ला अल्प्राझोलामसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळीला लागू नाही. त्याने रोज चढउतार होतो. काहींना आधी सावकाश उतरणाऱ्या डायझेपामवर नेतात. वृद्धांच्या बाबतीत ते डॉक्टर तारतम्याने ठरवतात. गोळीऐवजी दारू घेणे हा तर आगीतून फुफाट्यात जाण्याचाच प्रकार, कारण तीही त्याच गाबावर काम करते.

आजीची गोळी डॉक्टरांनी आधी पूर्ववत सुरू केली. ती स्थिरावल्यावर दोनाच्या पावणेदोन, महिन्याने दीड, असे करीत चार महिन्यांत एक गोळी उरली. तिथून पाव मिलिग्रॅमच्या गोळीचे चार तुकडे करून दर महिन्याला एकेक तुकडा वजा केला. मध्ये चुलतभावाचे लग्न आले, ते दोन महिने आहे त्याच मात्रेवर थांबलो. थांबले तरी चालते. वर जायचे नाही, एवढेच डॉक्टरांनी सांगितले होते. आजीला लिहिता येत नाही. ती कॅलेंडरवर रेघ मारी: झोप लागली तर उभी, नाही लागली तर आडवी. पहिल्या महिन्यांत आडव्याच फार होत्या.

नुसती गोळी काढून भागत नाही, झोपेला पुन्हा वळण लावावे लागते. रात्र कशीही जावो, उठायची वेळ एकच. झोप आल्यावरच अंथरुणावर जायचे, आणि लागत नसेल तर उठायचे. हा नियम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडला. पुस्तकात दुसऱ्या खोलीत जा असे लिहिलेले असते. आमच्याकडे दुसरी खोलीच नाही. आजी ओट्यावर जाऊन बसे, वाती वळी, जांभई आली की आत येई. दुपारची झोप मात्र तिला सोडवेना. वैशाखातल्या जालन्याच्या उन्हात दुपारी जागे राहा म्हणणे सोपे आहे! शेवटी जेवणानंतर अर्धा तास, यावर तडजोड झाली. संध्याकाळचा चहा बंद केला, त्यावरून घरात भांडणही झाले.

शासनाने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी २०१५ साली ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात आपला जिल्हा आहे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा फोन विनामूल्य आहे. कोणाच्या घरी अशी चिकटवलेली चिठ्ठी असेल त्याने पाकीट चुलीत टाकण्याआधी तिथे विचारावे.

चौदा महिन्यांनी शेवटचा तुकडा सुटला. आजीला आता दहाच्या सुमारास झोप लागते आणि तीन-साडेतीनला जाग येते. पूर्वी ती सकाळी भिंतीला धरून चाले, मोरीत दोनदा पडलीही होती. ते आता नाही. “एवढीच झोप का गं?” असे तिने डॉक्टरीणबाईंना विचारले. त्यांनी तिचे वय विचारले. “असंल सत्तर-पंच्याहत्तर,” आजी म्हणाली. “मग पुष्कळ झाली, आजी,” असे म्हणून बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.